एमएक्स-४ थर्मल पेस्ट: घोंगाट जातो, खरखर जात नाही

लॅपटॉपचा पंखा आवाज करतोय म्हणून आर्क्टिक कंपनीची एमएक्स-४ (चिपची उष्णता हीटसिंककडे, म्हणजे तिच्यावर बसवलेल्या धातूच्या भागाकडे, पोचवणारी थर्मल पेस्ट) मागवण्याआधी आवाज नीट ऐका. काम वाढलं की वाऱ्यासारखा घोंगाट चढतो आणि हलकं झालं की उतरतो, तर तो उष्णतेचा. तिथे पेस्ट कामाची. मशीन गार असताना, सुरू करताक्षणीच खरखर येते आणि लॅपटॉप तिरका धरला की आवाज बदलतो, तर पंख्याचं बेअरिंग गेलंय. तिथे पंखाच बदलावा लागतो. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला तर थोडे दिवस निभतं, इतकंच.

४ ग्रॅमची नळी लॅपटॉपला बऱ्याच वेळा पुरते. पेस्ट मऊ आहे, सहज पसरते. मुख्य म्हणजे वीजवाहक नाही, त्यामुळे कडेने थोडी बाहेर आली तरी शॉर्ट होत नाही. नवशिक्याला हीच द्यावी.

मागचं झाकण काढल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ बहुधा १, २, ३, ४ असे आकडे असतात: काढताना उलट्या क्रमाने, बसवताना सुलट, आणि प्रत्येक स्क्रू थोडा थोडा फिरवत. एकच आधी आवळला तर चिपच्या कोपऱ्याचा टवका उडू शकतो. जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी तांदळाच्या दाण्याएवढी. चिप लांबट असेल तर बारीक रेघ ओढा. शेजारच्या मऊ थर्मल पॅडच्या जागी मात्र पेस्ट लावू नका, तिथली फट तिने भरत नाही.

आता पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे पाहा. तिथे धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो आणि तो बाहेरून ब्लोअर मारून निघत नाही. ब्रशने काढा. हवा मारताना पाती टूथपिकने अडवून धरा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंगला मार बसतो. पुष्कळदा पंख्याला गप्प बसवते ती ही सफाई, आणि नाव होतं पेस्टचं!

उणीव एकच, पण मोठी. कंपनी ८ वर्षं टिकाऊपणा सांगते. पण लॅपटॉपची चिप उघडी असते (वर धातूचं झाकण नसतं), सतत तापते-निवते, आणि मऊ पेस्ट हळूहळू कडेला सरकते. १५ वॅटच्या प्रोसेसरच्या ऑफिस मशीनमध्ये हे फारसं जाणवत नाही. गेमिंग लॅपटॉपमध्ये मात्र काही महिन्यांतच घोंगाट परत येऊ शकतो. त्यासाठी पेस्टऐवजी हनीवेलचं पीटीएम७९५० पॅड घ्या. ते ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन बसतं आणि जागा सोडत नाही.