उन्हातली मिनिटे मोजणारे घड्याळ: ॲपल वॉचमधील ‘टाइम इन डेलाइट’

माणसाच्या वाट्याला दिवसभरात किती उजेड येतो, हे मोजणारी अंगावर घालायची उपकरणे बरीच वर्षे संशोधकांपुरतीच होती. झोपेच्या अभ्यासात सर्रास वापरले गेलेले फिलिप्सचे ‘ॲक्टिवॉच’ हे त्यातले सर्वांत परिचित नाव, पण त्याचे उत्पादन आता थांबले आहे. सामान्य ग्राहकाच्या मनगटावर अशी मोजणी मोठ्या प्रमाणावर आली ती सप्टेंबर २०२३ मध्ये, ॲपलने वॉचओएस १० या घड्याळाच्या कार्यप्रणालीबरोबर ‘टाइम इन डेलाइट’ ही सुविधा दिली तेव्हा. एक घड्याळ माझ्या हातावर आणि दुसरे शाळकरी मुलीच्या हातावर असल्यामुळे या सुविधेचा उपयोग दोन वेगवेगळ्या वयांसाठी पडताळून पाहता आला.

सिरीज ६ व त्यापुढील घड्याळे, अल्ट्रा आणि दुसऱ्या पिढीपासूनचे एसई यांवर ती चालते. पडद्याचा उजळपणा आपोआप कमी-जास्त करणारा जो प्रकाशसंवेदक घड्याळात असतोच, त्याच्या जोडीला जीपीएस आणि हालचालीची नोंद घेऊन आपण बाहेर दिवसाच्या उजेडात किती मिनिटे होतो याचा अंदाज बांधला जातो आणि तो आयफोनवरील हेल्थ ॲपमध्ये दिवस, आठवडा, महिना अशा आलेखांत दिसतो. वेगळे काही सुरू करावे लागत नाही. मुलाकडे स्वतःचा आयफोन नसला तरी त्याचे घड्याळ पालकांच्या आयफोनला जोडता येते, मात्र त्यासाठी सेल्युलर मॉडेल घ्यावे लागते.

मुलांचा मुद्दा येथे महत्त्वाचा आहे, कारण या मोजणीला सर्वांत भक्कम वैद्यकीय आधार लघुदृष्टीच्या, म्हणजे लांबचे अंधूक दिसण्याच्या संदर्भात मिळतो. भरपूर उजेडात दृष्टिपटलात (रेटिनात) डोपामाइन हे रसायन स्रवते आणि त्यामुळे नेत्रगोलाची लांबी प्रमाणाबाहेर वाढण्यास आळा बसतो, असे मानले जाते. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीतल्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा मैदानी तास देऊन तीन वर्षे पाहणी केली गेली. नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी आली, तर जादा तास असलेल्या शाळांत हे प्रमाण ३०.४ टक्के राहिले. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. इंटरनॅशनल मायोपिया इन्स्टिट्यूटच्या शिफारशीचा हवाला देऊन ॲपल मुलांसाठी रोज ८० ते १२० मिनिटे सुचवते. चष्मा लागण्यापूर्वी याचा फायदा अधिक होतो. लागलेला नंबर वाढण्याचे थांबेल, अशी आशा मात्र घड्याळाकडून ठेवू नये.

उजेड ‘लक्स’ या एककात मोजणारा लक्समीटर हातात घेतल्याशिवाय या मिनिटांचे मोल नीट कळत नाही. रात्री ट्यूबलाइटखाली अभ्यासाच्या टेबलावर दोन-तीनशे लक्स भरतात आणि आपल्याला खोली लख्ख वाटते. पावसाळ्यातल्या भरून आलेल्या आभाळाखालीही हाच आकडा काही हजारांत जातो आणि भर उन्हात लाखाच्या आसपास पोहोचतो. खिडकीपासून दोन पावले आत सरकले की तो झपाट्याने कोसळतो. डोळा लगेच जुळवून घेत असल्याने हा फरक आपल्याला जाणवत नाही, आणि म्हणूनच मोजणारे यंत्र उपयोगी पडते. मेमधल्या विदर्भात भरदुपारी मुलाला उन्हात उभे करायची काही गरज नाही, कडुनिंबाच्या सावलीतही पुरेसा उजेड असतो. ही मिनिटे म्हणजे अतिनील किरणांचे मोजमाप नव्हे आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचा हिशेबही नव्हे, हे त्याच ओघात सांगितले पाहिजे.

व्यवहारात अडचणी येतात त्या साध्या असतात. पुष्कळ शाळा स्मार्ट घड्याळ घालू देत नाहीत, त्यामुळे मधली सुट्टी आणि पीटीचा तास, म्हणजे मुलांच्या वाट्याचे खरे ऊन, नोंदीत येतच नाही. स्वेटरची किंवा पूर्ण बाहीच्या शर्टाची कड पडद्यावर आली की संवेदक झाकला जातो. तरीही एक गोष्ट आलेखाने लख्ख दाखवली: डिसेंबरात क्लास सुटून मुले खाली खेळायला उतरतात तेव्हा सहा वाजून गेलेले असतात आणि सूर्य मावळलेला असतो. तासभर पळापळ होते, उजेडाच्या खात्यात मात्र शून्य. आम्ही क्लासची वेळ बदलून घेतली.

मोठ्यांच्या दृष्टीने ही सुविधा अर्धवट आहे. झोपेचे घड्याळ चालवणाऱ्या दृष्टिपटलातील पेशी निळसर उजेडाला विशेष प्रतिसाद देतात. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने त्या प्रतिसादावर बेतलेल्या मापात शिफारशी मांडल्या: दिवसा डोळ्यांच्या पातळीवर किमान २५०, झोपण्यापूर्वीच्या तीन तासांत कमाल १० आणि झोपेत कमाल १ लक्स. यातला रात्रीचा भाग, जिथे आपल्या दिवाणखान्यातले फॉल्स सीलिंगचे एलईडी आणि हातातला मोबाइल मिळून खरा घोळ घालतात, तो ‘टाइम इन डेलाइट’च्या कक्षेत मुळातच येत नाही. आलेखावर फक्त मिनिटे असल्याने कोवळे ऊन आणि माध्यान्हीचे ऊन एकाच मापाने मोजले जाते. शिवाय मनगट म्हणजे डोळा नव्हे. टेबलाखाली असलेल्या हातावरचा उजेड आणि खिडकीकडे पाहणाऱ्या डोळ्यांत शिरणारा उजेड यांचा मेळ बसेलच असे नाही. ज्यांना नेमके आकडे हवेत त्यांच्यासाठी चष्म्याच्या दांडीला अडकवायचे ‘क्लाउक्लिप’ किंवा ब्राझीलमधील कंपनीचे ‘ॲक्टल्युमस’ अशी साधने आहेत, पण ती प्रामुख्याने अभ्यासकांच्या कामाची.

घड्याळ आधीच घरात असेल, तर या सुविधेसाठी वेगळा पैसा लागत नाही आणि आठवड्याचा आलेख पाहण्याजोगा असतो. केवळ एवढ्यासाठी पंचवीस-तीस हजार रुपये घालावेत, असे मी कोणाला सुचवणार नाही. चष्मा न लागलेले, पण आई-वडील दोघांनाही नंबर असलेले सात-आठ वर्षांचे मूल घरात असेल, तर विचार करायला हरकत नाही; मात्र घड्याळ शाळेत चालते का, हे आधी विचारून घ्यावे.