उघडे पडलेले गज: गिलावा, पॉलिमर मॉर्टर की मायक्रो काँक्रीट?

स्लॅबचा पोपडा पडून तांबूस गज दिसले की सोलापुरात पहिला सल्ला मिळतो तो गिलावा मारून घेण्याचा. सगळ्यात स्वस्त तोच, पण माझ्या मते त्याचा विचारच करू नये. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो. आतून ढकलणारा गंज तसाच राहिला तर नवा गिलावाही सुटतो.

म्हणून उरतात दोन पर्याय. दोन्हींत सुटं काँक्रीट गजाच्या मागेही बोटभर फोडायचं, गज ब्रशने चकचकीत घासायचा आणि त्याला झिंक प्रायमर लावायचा. फरक पुढे पडतो. एसबीआर (दुधासारखं दिसणारं कृत्रिम रबराचं लेटेक्स) घातलेलं पॉलिमर मॉर्टर हाताने, पातळ थरांत चढतं. स्लॅबच्या खालच्या बाजूला तेच सोयीचं. मायक्रो काँक्रीट म्हणजे बारीक खडीचं तयार मिश्रण; ते पातळ असतं, शटरिंगमध्ये ओततात. कॉलम आणि बीमला ते उत्तम, कारण गजांभोवती पोकळी राहत नाही. स्लॅबखाली ते भरायचं तर वरून भोकं पाडावी लागतात.

पाण्याचाही हिशेब करा. मायक्रो काँक्रीटला साधारण आठवडाभर ओलं ठेवावं लागतं. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि एप्रिल-मेमध्ये पारा 42 अंशांपुढे जातो, तेव्हा हे काम दिवाळीनंतर काढा. पॉलिमर मॉर्टरला पहिला दिवसभर ओलावा दिला की पुढे ते हवेतच वाळू द्यायचं.

ठरवण्याआधी मात्र एक चाचणी कराच. ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन शिंपडा. निरोगी काँक्रीट गुलाबी होतं. रंग आला नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा अल्कधर्मीपणा, म्हणजेच गजाचं कवच, संपवलं आहे. गुलाबी होऊनही गज गंजलेला असेल तर क्लोराइडचा, म्हणजे मिठातल्या गंज वाढवणाऱ्या घटकाचा, संशय घ्या. घर खाऱ्या बोअरच्या पाण्यावर बांधलं असेल तर जास्तच. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे आरसीसीच्या पाण्यात क्लोराइडची मर्यादा लिटरला 500 मिलीग्रॅम आहे. क्लोराइड असताना नुसती डागडुजी केली तर ठिगळाच्या कडेचे गज आणखी वेगाने गंजतात. तिथे ठिगळात झिंकचे अ‍ॅनोड (गजाऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे) बसवण्याबद्दल इंजिनिअरला विचारा.

घासून झालेला गज कॅलिपरने मोजा. 8 मिमीचा 7 वर आला म्हणजे त्याचा छेद सुमारे 23 टक्के घटला. असे बरेच गज निघाले तर शेजारी नवे गज जोडायचे की स्लॅबच उतरवायचा, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवावं. आणि कॉलमला छिन्नी लावण्याआधी बीमखाली टेकू असलेच पाहिजेत, मिस्त्री कितीही घाईत असला तरी.