गॉरगट्सचा 'ऑब्स्क्युरा' : सहा महिने ऐकल्यानंतर

या अल्बमसाठी नवे हेडफोन घेऊ नका. तारेचे साधे इअरफोन पुरतात. पैसे घालवण्याआधी फोनचा इक्वलायझर उघडून 'बास बूस्ट', म्हणजे खर्जातले सूर वाढवणारी सोय, बंद करा. सहा महिन्यांत सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडला.

कारण गिटारमध्ये आहे. कॅनडातल्या क्यूबेकच्या या बँडने १९९८ साली डेथ मेटलचा, म्हणजे जड, वेगवान रॉकचा, वेग आणि गुरगुरता घसा तसाच ठेवला, सुरांची जुळवणी मात्र पार मोडली. ल्यूक लेमे आणि स्टीव्ह हर्डल यांची गिटारं शेजारशेजारच्या सुरांवर एकमेकींना घासत राहतात. तंबोरा लावताना दोन तारा जवळ येतात पण मिळत नाहीत, तेव्हा आवाज हेलकावतो ना, तेच हे. ११० हर्ट्झचा सूर आणि त्याच्या लगतचा कोमल सूर, म्हणजे साधारण ११६.५ हर्ट्झ, एकदम वाजले की सेकंदाला साडेसहा हेलकावे पडतात. तंबोऱ्यातून आपण ते घालवतो. इथे ते हवेच आहेत, आणि डिस्टॉर्शनने, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडल्याने, त्यांना आणखी धार येते. स्टीव्ह क्लूटिएचा बास या दोन गिटारांमागे लपत नाही, स्वतःची वाट धरून खणखणीत वाजतो. बूस्ट लावलात की तो फुगतो, हेलकावे झाकले जातात आणि हाती उरतो निव्वळ गोंगाट. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर तर ऐकूच नका. दोन्ही गिटारं एकाच डब्यातून आली की कोण काय वाजवतंय ते सुटं होत नाही.

'क्लाउडेड' हे साडेनऊ मिनिटांचं संथ गाणं सुरुवातीचे दोन महिने मला निव्वळ भरताड वाटायचं. ते मत साफ मागे घेतो. लय इतकी सावकाश आहे की एकेका आघातानंतर सूर कसे घासतात, कसे विरतात, ते नीट कानात बसतं. नव्याने ऐकणाऱ्याने इथूनच सुरू करावं. मग दुसरं गाणं, 'अर्थली लव्ह'. त्यात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, आहे, आणि ती उपरी वाटत नाही. पहिलं, शीर्षकगीत, सगळ्यात शेवटी. तिथे सगळं एकदम अंगावर येतं आणि बरेच जण तिथूनच परत फिरतात.

तक्रार एकच, लांबीची. बारा गाणी, तासभर, आणि लेमेचा ताणलेला घसा. चाळीस मिनिटांनंतर कान थकतात आणि मग चांगल्या जागाही निसटतात. आज सहा, उद्या सहा, असं ऐका. एका बैठकीतच संपवायचं असेल, तर याच बँडचं २०१६ चं 'प्लीयडीज डस्ट' घ्या. एकच गाणं आहे, ३३ मिनिटांचं.