तेलेमार्कचा स्प्रिंगार आणि ‘ट्रान्स्क्राइब!’

कानाने चाल उतरवून घेणाऱ्या कुणालाही मी ‘ट्रान्स्क्राइब!’ हे सॉफ्टवेअर घ्यायला सांगेन. फक्त रेकॉर्डिंग टाकलं की नोटेशन छापून मिळेल, अशा अपेक्षेने घेऊ नका. सेव्हन्थ स्ट्रिंगचं हे सॉफ्टवेअर लय संथ करून देतं, पट्टी वर-खाली करून देतं, हवा तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवतं आणि त्यावर खुणा करू देतं. ऐकायचं आणि लिहायचं काम आपलंच राहतं. मला तेच हवं होतं.

मी फोंड्याला राहते, नाट्यगीतांना आणि भजनांना व्हायोलिनची साथ करते. रविवारी संध्याकाळी पणजीत आम्ही काही जण वाजवायला बसतो: मॅंडोलिन, गिटार, अकॉर्डियन आणि घुमट हे मातीचं तालवाद्य. आयरिश रील म्हणजे जलद नाचाच्या चाली होतात, आपली गोव्याची दुलपदं होतात. गेल्या मोसमात नॉर्वेच्या एक बाई आपलं हार्दिंगफेले, म्हणजे तिथलं लोकव्हायोलिन, घेऊन आमच्यात बसल्या आणि त्यांनी तेलेमार्क भागातला एक स्प्रिंगार वाजवला. जोडीने नाचायचा हा तीन मात्रांचा नाच. त्यांनी मोबाइलवर रेकॉर्ड करू दिला आणि सगळ्यांनी एकमताने उतरवायचं काम माझ्याकडे दिलं.

हार्दिंगफेलेच्या मुख्य चार तारांखाली चार-पाच तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या, तारा असतात आणि घोडी बरीच सपाट असते, त्यामुळे जवळजवळ सतत दोन तारा एकत्र बोलतात. नेहमीच्या जुळणीत सगळ्यांत खालची ‘जी’ (G) सुराची तार चढवून ‘ए’ (A) करतात, म्हणजे ए-डी-ए-ई. डीला सा धरला तर प-सा-प-रे; आपल्याकडच्या साथीदाराला ही जुळणी परकी वाटायचं कारण नाही. मात्र वाद्य प्रत्यक्षात याच्याहून वर लावलेलं असतं. सॉफ्टवेअरमध्ये पट्टी अर्ध्या स्वराच्या पायऱ्यांनी बदलता येते आणि सेंटमध्ये, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागाने, आणखी बारीकही. रेकॉर्डिंग माझ्या डीवर आणून ठेवलं, व्हायोलिनची खालची तार चढवली आणि बरोबरीने वाजवायला लागले. पट्टी बदलली म्हणून लय हलत नाही.

खरी कसोटी लयीची. कागदावर हा स्प्रिंगार ३/४ असा लिहितात, पण तेलेमार्कच्या तीन मात्रा सारख्या नसतात. पहिली सगळ्यांत लांब, दुसरी तिच्याहून कमी, तिसरी आखूड. नॉर्वेतल्याच वाल्द्रेस भागाच्या शैलीत क्रमच वेगळा, तिथे पहिली आखूड आणि दुसरी लांब. दादऱ्यात मुरलेल्या कानाला दर वेळी वाटतं की तिसरी मात्रा घाईत आली. ती घाई नाही, नाचणाऱ्याचं पाऊल तसंच पडतं. हे लक्षात न घेता सरळ तीन मात्रांत वाजवलं तर स्वर सगळे बरोबर असूनही चाल मरते.

इथे ‘ट्रान्स्क्राइब!’ने मला जे दिलं ते दुसऱ्या कशाने दिलं नसतं. रेकॉर्डिंग चालू असताना ‘एम’ दाबलं की बारची, म्हणजे तीन मात्रांच्या एका आवर्तनाची, खूण पडते, ‘बी’ दाबलं की मात्रेची, ‘एस’ दाबलं की नव्या भागाची. बाईंच्या पायाचा ठोका रेकॉर्डिंगमध्ये आला आहे. इक्वलायझरने वरचे सूर खाली घेतले, तेव्हा तो धप्प आवाज मोकळा ऐकू आला, आणि त्याच्या आधाराने मी मात्रेमागून मात्रा खुणा करत गेले. मग पडद्यावर बघितलं तर रेघांमधलं अंतर स्वच्छ दिसत होतं: लांब, मध्यम, आखूड, पुढच्या बारमध्ये पुन्हा तसंच. बारचे शंभर भाग धरले तर पहिल्या मात्रेला चाळिसाच्या आसपास आणि तिसरीला तिसाहून कमी. कान जे म्हणत होता ते डोळ्यांना दिसलं, तेव्हा मला फार आनंद झाला.

इथे एक सांगून ठेवते. बारच्या खुणांमधली जागा सॉफ्टवेअरकडून मात्रांमध्ये समान वाटून घेता येते. रीलसाठी ती सोय उत्तम, स्प्रिंगारसाठी ती वापरू नका. प्रत्येक मात्रेची खूण हाताने टाका. आणि खुणा मूळ लयीत किंवा तिच्या जवळपास टाका. निम्म्याच्या खाली लय नेली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि ठोक्याची धार जाते. संथ लय स्वर शोधण्यासाठी ठेवा, मात्रा मोजण्यासाठी नको.

सॉफ्टवेअरच्या पडद्यावर पियानोच्या पट्ट्यांवर सुरांचा आलेख दिसतो, त्यावर कोणता सूर लागला असेल त्याचा अंदाजही मिळतो. एकट्या बासरीला तो चांगला लागू पडत असेल, हार्दिंगफेलेला जपून घ्यावा लागतो. तरफेच्या तारा झंकारतात तेव्हा न वाजवलेले सूरही आलेखात उभे राहतात. पण याच आलेखात एक सुंदर गोष्ट सापडली. चौथ्या स्वराचा उंचवटा जी आणि जी-शार्पच्या मधोमध येत होता. शुद्ध मध्यमाच्या वर, तीव्र मध्यमाच्या खाली. मी कागदावर जी-शार्प लिहिला आणि त्याला खाली बाण दिला. अकॉर्डियनवाल्याला मात्र तो स्वर सोडायलाच सांगितलं, त्याच्या पट्टीत तो नाहीच.

लिहायला म्यूझस्कोर वापरलं, ते फुकट मिळतं. त्याच्याकडून वाजवून घेतलं तर ते अर्थातच समान मात्रांत वाजतं, म्हणून ते ऐकून कुणी शिकू नये, असं मी पानाच्या माथ्यावरच लिहिलं. चाल छोट्या छोट्या तुकड्यांची आहे. प्रत्येक तुकडा दोनदा येतो आणि दुसऱ्यांदा येताना कुठेतरी किंचित वळतो. ती वळणं मी वेगळी लिहून ठेवली. आमच्या भजनी मंडळातल्या एका मुलासाठी तीच चाल सरगमीतही उतरवली.

घुमटवाल्या काकांनी कागद हातातही धरला नाही. त्यांना हेडफोन लावून दिला, पायाचा ठोका तेवढा मोकळा करून तेच आठ बार फिरवत ठेवले. ते मांडीवर हात मारत बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “बाय, हे चालतं कसं ते कळलं, आता वाजव.” त्या संध्याकाळी आमचा स्प्रिंगार पहिल्यांदा उभा राहिला.

व्यवहाराचं: परवाना एकदाच घ्यायचा, वर्षाची वर्गणी नाही. आधी तीस दिवस फुकट वापरून बघता येतं. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. पैसे परदेशी चलनात जातात, तेव्हा कार्डावर ती सोय आहे ना, बँकेत विचारून घ्या. पडदा जुन्या धाटणीचा आणि बटणांनी भरलेला आहे. सुरुवातीला मदतीची पानं वाचायला वेळ द्या, तो वाया जात नाही. पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळत असताना लॅपटॉपच्या स्पीकरवर हे काम होत नाही, चांगला हेडफोन हवाच. आणि खुणा वेगळ्या छोट्या फाइलमध्ये साठवल्या जातात, त्यात ध्वनी नसतो. बरोबरच्या मंडळींना पाठवताना रेकॉर्डिंग आणि ही फाइल एकाच फोल्डरमध्ये घालून पाठवा.