ई-सिमवर दोन वेळा दुबई आणि एकदा कॉम्रेड्स: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

फेब्रुवारीत पहिल्यांदा ई-सिम (म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच डाउनलोड होणारं सिम) घेतलं तेव्हा मलाच धाकधूक होती, आता तिसऱ्या ट्रिपनंतर लिहितेय. कंपनी कुठली ते विचारू नका, तिन्ही वेळा वेगळी घेतली आणि खरं सांगू का, डेटा सगळ्यांचाच चालतो. घोळ होतो तो ओटीपीचा. सविस्तर सांगते.

पहिली ट्रिप चॅम्पियन्स ट्रॉफीची, २३ फेब्रुवारी २०२५, दुबईत भारत-पाकिस्तान. दीर शारजाला असतात म्हणजे घरी वायफाय होतंच, फक्त बाहेर फिरताना पाहिजे म्हणून ५ जीबीचं घेतलं. साताऱ्यातच घरच्या नेटवर क्यूआर स्कॅन करून टाकलेलं (हे घरूनच करा, कारण ते टाकायलाच नेट लागतं), उतरल्यावर त्या लाईनचं डेटा रोमिंग चालू केलं आणि इमिग्रेशनच्या रांगेतच व्हॉट्सॲप टिंगटिंग वाजायला लागलं. गंमत म्हणजे तिकडच्या सिमवरून व्हॉट्सॲप कॉल लागत नाहीत, दीर वेगळंच ॲप वापरतात, पण माझ्या फोनवरून आईला व्हिडिओ कॉल लागला! कारण या सिमचं नेट दुसऱ्याच कुठल्या देशातून फिरून येतं. त्यामुळेच जाहिरातीपण अगम्य भाषेत दिसत होत्या.

स्टेडियममध्ये मात्र सगळे सारखेच. कोहलीने चौकार मारून शंभर पण केले आणि मॅच पण संपवली, मी व्हिडिओ काढला, पाठवला, आणि ते गोल चक्र फिरतंय ते फिरतंय. हजारो लोक एकाच वेळी तेच करत असणार. व्हिडिओ गेला दिरांच्या गाडीत बसल्यावर, आई म्हणाली अगं टीव्हीवर बघितलं की मी.

आता खरी गोष्ट. ८ जून, साउथ आफ्रिका, नवऱ्याची पहिली कॉम्रेड्स, म्हणजे तिथली लांब पल्ल्याची धावण्याची शर्यत. यंदा डाऊन रन (उताराच्या दिशेची) होती, पीटरमॅरिट्झबर्ग ते डर्बन, जवळजवळ ९० किलोमीटर, कटऑफ म्हणजे संपवायची मुदत १२ तास. तिथलं लोकल सिम घ्यायचं तर पासपोर्ट दाखवा, पत्त्याचा पुरावा द्या, म्हणून परत ई-सिम, ५ जीबी, बाराशेच्या आसपास पडलं. बिलाची भीती म्हणून मी शहाणपणा करून घरचं सिम सेटिंगमध्ये बंदच करून टाकलेलं. ग्रुपमधल्या दोघींना हॉटस्पॉट दिला, फोटोंचा बॅकअप चालूच राहिला, आणि ड्रमंडला, म्हणजे बरोबर अर्ध्या वाटेवर, हातात मिठाच्या गोळ्या, उकडलेले बटाटे आणि त्याचे दुसरे मोजे घेऊन उभी असताना डेटा संपला. ट्रॅकिंग ॲप बंद, आमची गाडी कुठे थांबलीय तेही कळेना. टॉप-अप करायला गेले तर कार्डाला ओटीपी. ओटीपी येणार घरच्या नंबरवर. नंबर चालू केला तर ‘नो सर्व्हिस’, कारण निघताना इंटरनॅशनल रोमिंग सुरूच करून घेतलं नव्हतं. चूक शंभर टक्के माझीच, दुसऱ्या कुणाची नाही. शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या एका तिथल्या आजींनी स्वतःचा हॉटस्पॉट दिला तेव्हा कुठे ग्रुपवर मेसेज टाकला आणि पुण्यात बसलेल्या नणंदेने तिच्या कार्डावरून टॉप-अप केला. या गडबडीत नवरा इंचांगाचा चढ (म्हणजे आपला यवतेश्वरचा घाटच समजा) संपवून खाली उतरून माझ्या समोरून निघून गेला. रात्री मेडल गळ्यात घालून पहिलं वाक्य काय, तर ‘ड्रमंडला होतीस कुठे तू?’

सप्टेंबरला आशिया कपसाठी परत दुबई, १४ तारखेची मॅच. यावेळी निघायच्या आधी घरच्या नंबरचं रोमिंग सुरू करून घेतलं, त्या लाईनचा डेटा बंद, फक्त मेसेज यायला चालू. बँकेचे ओटीपी धडाधड आले, एसएमएस यायचे पैसे माझ्या सिमवर काही लागले नाहीत. आयफोनमध्ये डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर उडी मारतो ते स्विचिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर सगळं केलेलं पाण्यात. आणि मॅचचं तिकीट हॉटेलवरच उघडून वॉलेटमध्ये टाका, गेटवर नेट शोधत बसू नका.

फसवलं ते यावेळच्या ‘अनलिमिटेड’ प्लॅनने. दिवसाला २ जीबी झाले की स्पीड इतका खाली की मॅपसुद्धा ठिपक्याठिपक्याने उघडतो, आणि हे लिहिलेलं कुठे तर अटींच्या पार तळाला. त्यात वॅलिडिटी दिवसांवर नाही, तासांवर. नेटवर्क पकडलं त्या मिनिटापासून मोजतात, त्यामुळे परतीच्या दिवशी एअरपोर्टला जाताना टॅक्सीतच बंद. अनलिमिटेडच्या नादाला लागू नका, जीबी मोजून घ्या, आठवड्याला मला ५ पुरतात, हॉटस्पॉट दिला नाही तर.

दुबईची दोन्ही सिमं डिलीट केली. साउथ आफ्रिकेचं ठेवलंय, त्यावरच परत टॉप-अप होतो. २०२६ ची अप रन, म्हणजे उलट्या दिशेने चढाची, नवऱ्याने सकाळचा सराव सुरू केलाय आणि मला आतापासूनच विचारतोय, ड्रमंडला कुठल्या बाजूला उभी राहणार.