प्लेराइट एमसीपी : टूलच्या वर्णनांचे परीक्षण

एआय एजंटच्या, म्हणजे आपल्या वतीने स्वतः कामे करणाऱ्या एआय प्रणालीच्या, हाती ब्राउझर द्यायचा म्हटले की मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइट एमसीपी सर्व्हरचे नाव बहुधा आधी निघते. मूळ प्लेराइट हे ब्राउझर कोडने चालवण्याचे साधन 2020 साली आले, ते वेबसाइटच्या चाचण्या लिहिणाऱ्यांसाठी. अँथ्रोपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल) हा एआय मॉडेलला बाहेरची साधने जोडण्याचा प्रोटोकॉल जाहीर केल्यावर काही महिन्यांतच, मार्च 2025 मध्ये, प्लेराइटचा हा सर्व्हर बाहेर पडला. तो बसवायचा कसा आणि चालतो किती वेगाने, याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विचार केला आहे तो त्यातील टूलच्या, म्हणजे एजंटला वापरता येणाऱ्या एकेका क्रियेच्या, वर्णनांचा, कारण आतला कोड एजंटला दिसत नाही. टूलचे नाव, त्याखालचे एखाददुसरे वाक्य आणि प्रत्येक पॅरामीटरसमोरची (टूलला पुरवायच्या प्रत्येक माहितीसमोरची) ओळ एवढ्याच भांडवलावर त्याला पुढचे पाऊल ठरवावे लागते. आवृत्तीगणिक हा मजकूर थोडाफार बदलतो, मात्र त्याचा घाट बराचसा तोच राहिला आहे.

संपूर्ण संचातील उत्तम वर्णन स्क्रीनशॉटच्या टूलचे आहे. चालू पानाचा स्क्रीनशॉट घेतला जातो, हे पहिल्या वाक्यात आहे; त्या चित्राच्या आधारे पानावर काहीही करता येणार नाही, कृतीसाठी स्नॅपशॉट वापरावा, हे दुसऱ्यात. खरे काम हे दुसरे वाक्य करते. चित्र पाहू शकणारे मॉडेल साहजिकच आधी चित्र मागते, आणि मग बटण दाबायची वेळ आली की त्याच्याजवळ त्या बटणाची काहीच खूण नसते. स्नॅपशॉटमध्ये पानाची अ‍ॅक्सेसिबिलिटी रचना, म्हणजे स्क्रीन रीडरसारखी साधने वापरतात ती घटकांची मांडणी, मजकुराच्या रूपात येते. शीर्षके, दुवे, बटणे त्यांच्या नावांसह दिसतात आणि घटकांना 'ई12' यासारखे संदर्भ मिळतात. आपली मर्यादा सांगून शेजारच्या टूलकडे बोट दाखवणारे असे वाक्य या संचात आणखी चारपाच ठिकाणी हवे होते.

क्लिकच्या टूलचे वर्णन त्यापुढे फारच कोरडे आहे: पानावर क्लिक करणे, एवढेच. त्याच्या पॅरामीटरांनी मात्र बरीच भरपाई केली आहे. घटकाचे माणसाला कळेल असे वर्णन मागताना, ते परवानगी घेण्यासाठी वापरले जाणार आहे, हे कारणही दिले आहे. त्यामुळे मॉडेल तेथे 'बटण' असे मोघम न लिहिता 'अर्ज सादर करण्याचे बटण' असे लिहिण्याची शक्यता वाढते. संदर्भ स्नॅपशॉटमधून जसाच्या तसा घ्यावा, हेही स्पष्ट आहे. तो संदर्भ पान बदलल्यावर निरुपयोगी ठरू शकतो, हे मात्र कोठेच लिहिलेले नाही. शिळा संदर्भ दिल्यास येणारा त्रुटीसंदेश नवा स्नॅपशॉट घेण्यास सुचवतो, हे चांगलेच. तरी तोवर एक फेरी वाया गेलेली असते.

सर्वांत ठळक उणीव फाइल अपलोडच्या टूलमध्ये आहे. एक किंवा अनेक फाइली अपलोड करणे, असे वर्णन वाचून कोणीही ते थेट वापरायला जाईल. प्रत्यक्षात आधी पानावरील संबंधित बटणावर क्लिक करून फाइल निवडण्याची खिडकी उघडावी लागते. ती उघडी नसेल तर हे टूल चालतच नाही. 'फाइल निवडण्याची खिडकी उघडी असतानाच वापरावे. ती उघडण्यासाठी आधी क्लिक करावे' एवढी एक ओळ पुरली असती. एरवी अशी खिडकी उघडी राहिल्यास ती कोणत्या टूलने हाताळावी, हे सर्व्हर उत्तरात आवर्जून कळवतो. तेव्हा ही माहिती वर्णनात असू नये याचे आश्चर्य वाटते.

मजकूर टंकण्याच्या टूलमधील 'सावकाश' हा पर्याय मराठी संकेतस्थळांवर काम करणाऱ्यांनी अवश्य वाचावा. एरवी सगळा मजकूर एकदम भरला जातो. एकेक अक्षर टंकल्याने पानाचे कळांवर चालणारे कोड जागे होते, असे त्याचे वर्णन सांगते. रोमन अक्षरे टंकताच देवनागरी उमटवणाऱ्या चौकटीत हा फरक लगेच दिसतो: एकदम भरलेले 'namaskar' रोमनमध्येच राहू शकते, कारण त्या चौकटीला अपेक्षित असलेली कळ दाबलीच गेलेली नसते. पर्याय केव्हा उपयोगी आणि तो न निवडल्यास काय होते, या दोन्ही गोष्टी तीन छोट्या वाक्यांत बसवल्या आहेत. वाट पाहण्याच्या टूलमध्ये वेळ सेकंदांत द्यावी, हेही नोंदवले आहे. प्लेराइटच्या नेहमीच्या कोडमध्ये मिलिसेकंद चालत असल्याने ती नोंद अत्यावश्यकच होती.

टॅबसाठी पूर्वी वेगवेगळी टूल होती, ती पुढे एकत्र केली गेली. मॉडेल एका वेळी जेवढा मजकूर विचारात घेऊ शकते त्या मर्यादित जागेत ही वर्णनेही जागा व्यापतात, हे लक्षात घेता हा निर्णय योग्य वाटतो. केवळ वाचणारी टूल कोणती आणि पानावर बदल घडवणारी कोणती, याच्या खुणाही प्रत्येक टूलला जोडलेल्या आहेत. त्या खुणा म्हणजे केवळ सूचना असतात, त्या पाळण्याची सक्ती एमसीपीत नाही. म्हणून बँकेचे किंवा सरकारी अर्जाचे पान उघडणाऱ्याने क्लिकपूर्वीची मानवी परवानगी चालूच ठेवावी.