स्टीलचा एकट्याचा माते सेट – कप भारी, पण वाटून पिणाऱ्यांनी जपून

माते म्हणजे येर्बा नावाच्या वाळक्या पानांच्या चुऱ्यावर गरम पाणी ओतून नळीने प्यायचं, चहासारखी झोप उडवणारं पेय. लॉकडाऊननंतर अर्जेंटिनात एकाच भांड्याऐवजी ज्याचा त्याचा माते सुरू झाला त्या लाटेत मीपण ब्वेनोस आइरेसला हा डबल वॉल स्टीलचा सेट घेतला. कप म्हणून एक नंबर. पारंपरिक भांडं वाळवलेल्या भोपळ्याचं असतं (आपल्या दुधीचीच जात), त्यात आधी ओली येर्बा भरून ठेवा मग खरवडा मग वाळवा, आळस केला की बुरशी. स्टीलला ती कटकटच नाही, घासलं की झालं. हाताला चटका बसत नाही, आणि बोम्बिशा म्हणजे प्यायची नळी, तिची खालची जाळी सुटी होते, त्यामुळे अडकलेला चुरा ब्रशने निघतो. नळी मात्र जाम तापते, पहिला घोट सांभाळून. पाणी ७०-८० डिग्रीच ठेवा, उकळतं ओतलंत तर कडूजहर.

माझी कुरकुर वेगळीच आहे. हे भांडं एवढुसं असतं कारण ते फिरायचं असतं. ओतणारा एकच, सेबादोर, पहिला कडवट घोट तो स्वतः घेणार, मग तेच भांडं तीच नळी एकेकाकडे जाऊन परत त्याच्याकडे, मधेच थँक्यू म्हणालात तर तुमचा नंबर कट. उष्टंबिष्टं कुणाच्या मनातही येत नसे. २०१३ मध्ये अर्जेंटिनाने कायदा करून मातेला राष्ट्रीय काढा ठरवलं आणि २०२० मध्ये सरकारच सांगायला लागलं, माते शेअर करू नका! त्याच डिसेंबरात युनेस्कोने शेजारच्या पॅराग्वेच्या तेरेरेला, म्हणजे गार पाण्यातल्या याच प्रकाराला, वारसा यादीत घेतलं, काय टायमिंग.

आमच्या ऑफिसात अजून मीटिंगला चौघं आले की चार थर्मास येतात, जो तो आपलं आपण ओततो आणि नंतर कचऱ्याच्या डब्यात चार ओले हिरवे गोळे. एकदा भरलेल्या येर्बावर दहाबारा वेळा पाणी सहज चालतं, ते एकट्याने प्यायचं तर रात्रीची झोप गेली, नाही प्यायचं तर येर्बा वाया. इथले काहीजण म्हणतात, ज्याच्या त्याच्या कपानेच आमची माते संस्कृती वाचली, मला नाही पटत, कारण प्यायचं कुणी थांबलंच नव्हतं, बंद पडलं ते दुसऱ्याला ओतून देणं. पार्कात मात्र मित्रमंडळींत पुन्हा एकच भांडं फिरताना दिसतं, बरं वाटतं.

चार स्टार. प्रवासाला, हॉस्टेलला, सर्दी झाली असेल तेव्हा घ्याच. सोबतचं झाकण निरुपयोगी आहे, नळी लावली की बसतच नाही.